खिसा नसलेल्या माणसाची गुंडी



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींना थोडे नवल वाटले असेल. कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने पगारवाढ, बोनस, कंत्राटी पद्धत यांवर बोलावे. जपानी लोकांच्या कमरेला लोंबणाऱ्या कोरीव गुंड्यांशी त्याचा संबंध काय? मी कोणत्याही विद्यापीठाचा पदवीधर नाही. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, वाचनालयाच्या बाकावर बसून. पण हातांनी केलेली कोणतीही वस्तू समोर आली की माझ्यासारख्याच्या मनात तीन प्रश्न आपोआप उभे राहतात. ही कोणी केली? कोणासाठी केली? आणि करणाऱ्याचे पुढे काय झाले? या तीन प्रश्नांच्या वाटेने मी आपल्याला त्या गुंडीपर्यंत नेणार आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून देतो. जपानीत तिला नेत्सुके म्हणतात. उच्चारताना मधला 'सु' ते लोक जवळजवळ गिळून टाकतात. आकाराने ती सुपारीएवढी, फार तर लहान लिंबाएवढी. बहुधा बोटाच्या दोन पेरांत मावणारी. लाकूड, हस्तिदंत किंवा सांबरशिंगाच्या जातीचे शिंग कोरून ती करीत. कधी तिच्यावर झोपलेला बैल असतो, कधी शेपटी तोंडात धरलेला उंदीर, कधी जांभई देणारा साधू. परंतु ती शोभेची बाहुली नव्हे. तिला दोन भोके असतात, आणि त्या दोन भोकांतच तिचा सारा जन्म साठविलेला आहे.

जपानी माणसाचा जुना पोशाख म्हणजे किमोनो. त्याला खिसा नाही. बाह्या रुंद असतात, त्यांत एखादा रुमाल किंवा कागद राहील; पण पैसे, शिक्का, औषध, तंबाखू ह्या जड वस्तू तेथे राहत नाहीत. किमोनोवर कमरेला एक रुंद पट्टा बांधतात, त्याला ओबी म्हणतात. पुरुष आपल्या वस्तू एका डबीत किंवा पिशवीत घालीत, तिला रेशमी गोफ बांधीत, तो गोफ पट्ट्याच्या आतून वर काढीत आणि त्याच्या वरच्या टोकाला ही गुंडी अडकवीत. डबी खाली ओढते, गुंडी पट्ट्याच्या काठावर अडते, म्हणून डबी पडत नाही. गोफावर मध्ये एक मणी असतो. तो खाली सरकविला की डबी घट्ट मिटते, वर सरकविला की उघडते. एवढी ही युक्ती! त्यात खिळा नाही, स्क्रू नाही, स्प्रिंग नाही. वजन आणि अटकाव यांच्या साध्या हिशेबावर सगळा कारभार चालतो.

ही युक्ती आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्या आजोबांच्या धोतराला तरी खिसा कुठे होता? शेतकरी पैसे कनवटीला लावी. बाजाराला जाणारा व्यापारी कमरेला कसा बांधी. पानतंबाखूची चंची तर घरोघर होती. तिच्या एका कप्प्यात पान, दुसऱ्यात सुपारी, तिसऱ्यात तंबाखू, शेजारी चुन्याची डबी. तिची दोरी गुंडाळून ती कमरेला खोचली की माणूस दहा कोस चालायला मोकळा. घरच्या बाईच्या कमरेचा चाव्यांचा जुडगा हीच तिच्या अधिकाराची खूण असे. बाराबंदीला बटण नव्हते, बंद होते. सारांश, खिसा ही मनुष्यजातीची जन्मसिद्ध मालमत्ता नव्हे. ज्या तंबाखूने आपल्याकडे चंची भरली, ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली, तशीच सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानातही पोचली. आणि चिलमीची नळी व तंबाखूची पिशवी कमरेला लटकविण्याची गरज वाढली, तशी तिथे गुंड्यांची मागणीही वाढली. एकच व्यसन दोन देशांत गेले. एका देशात चंची झाली, दुसऱ्यात नेत्सुके.

मग आपल्या चंचीची दोरी साधीच राहिली आणि त्यांची गुंडी कलावस्तू का झाली? याचे उत्तर मला तेथील समाजरचनेत दिसते. १६०३ ते १८६८ या काळात जपानवर तोकुगावा घराण्याच्या शोगुनांची सत्ता होती. समाजाच्या उतरंडीत वर योद्धे, मग शेतकरी, मग कारागीर आणि सर्वांत खाली व्यापारी. पण पैसा हळूहळू साचत गेला तो खालच्या पायरीवर! ओसाका आणि एदो, म्हणजे आजचे तोक्यो, येथील सावकार-व्यापारी धनाढ्य झाले. मात्र त्यांनी कोणते कापड वापरावे, किती थाट करावा यांवर सरकारी निर्बंध होते. दोन तलवारी कमरेला लावण्याचा मान योद्ध्यांचा. तेव्हा व्यापाऱ्याने आपली ऐपत दाखवावी कोठे? ती त्याने कमरेच्या गुंडीत दाखविली. गुंडी ही गरजेची वस्तू. तिला कोण हरकत घेणार? कायद्याने अंगरख्यावरची ऐट बंद केली, आणि ती ऐट दोन बोटांच्या जागेत शिरून बसली.

आता कारागिराकडे वळू. मंडळी, हे काम किती अवघड ते ध्यानात घ्या. मूर्तिकाराने मूर्तीचा हात पुढे काढला तर ती अधिक डौलदार दिसेल. नेत्सुके करणाऱ्याला ती मुभा नाही. टोक बाहेर आले की रेशमी वस्त्राला अडकणार, धागा निघणार, आणि गिऱ्हाईक परत येऊन भांडणार. म्हणून बैल बसलेलाच हवा, त्याचे शिंग पाठीला टेकलेले हवे, उंदराची शेपटी अंगाभोवती वळलेली हवी. ती फार जड नको, की पट्टा ओढेल. फार नाजूक नको, की दारावर आपटून फुटेल. ती सर्व बाजूंनी हातात फिरते, म्हणून तिला मागची बाजू नाही. बैलाच्या पोटाखालचे दुमडलेले खूरसुद्धा नीट कोरावे लागत. भोके अशा ठिकाणी पाडायची की गोफ ओढला जाताच चित्राचे तोंड बाहेरच्या बाजूला राहावे. कुशल कारागीर तर निराळे भोक पाडीतच नसे. हात आणि अंग यांमधल्या फटीतूनच तो गोफ ओवी. आणि इतके करूनही वस्तू पुरी होत नसे. वर्षानुवर्षे हाताने आणि वस्त्राने घासून तिला जी झिलई येते, तिला जपानीत स्वतंत्र शब्द आहे : नारे. वापरणाऱ्याचा हात हा तिच्या कारागिरीतला शेवटचा हात होय.

कामगाराचे कौशल्य बंधनांमुळे कसे फुलते याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. आमच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या टूलरूममध्ये काम केलेली माणसे येथे बसली असतील, त्यांना हे सांगायला नको. ड्रॉइंगमध्ये माप दिलेले असते, त्या मापाबाहेर केसभरही जाता येत नाही. तरी दोन फिटरांच्या हातचे काम शेजारी ठेवले तर जाणता माणूस कोणते कोणाचे ते ओळखतो.

या गुंड्यांवर कोरलेले विषय पाहिले तर आणखी एक आश्चर्य वाटेल. जपान्यांच्या सात भाग्यदेवता प्रसिद्ध आहेत. त्यांतला दाइकोकु हा आपला महाकाल, बेनझाइतेन ही आपली सरस्वती, आणि बिशामोन हा आपला वैश्रवण, म्हणजे कुबेर. बौद्ध धर्माचे बोट धरून हे देव चीनमार्गे तेथे गेले आणि तेथलेच झाले. महाकाल तर इतका बदलला की तांदळाच्या पोत्यांवर उभा राहून हसू लागला. उंदीर त्याचा सोबती झाला. जांभई देणारा जो साधू मी मघाशी सांगितला, तो दारुमा, म्हणजे बोधिधर्म, परंपरेप्रमाणे हिंदुस्थानातून चीनमध्ये गेलेला भिक्षू. भिंतीकडे तोंड करून त्याने नऊ वर्षे ध्यान केले अशी कथा आहे. कारागीर त्याला ध्यानात बसलेला दाखवितात, तसेच नऊ वर्षांनी उठून हात ताणून आळस देताना दाखवितात! धर्मपुरुषाविषयी आदर ठेवूनही त्याच्या आखडलेल्या पाठीची आठवण ज्याला होते, तो कारागीर स्वतः दिवसभर मांडी घालून काम करणारा असला पाहिजे, असे माझे मन मला सांगते.

पहिला प्रश्न होता, ही कोणी केली? आपल्याकडे अजिंठ्याच्या चित्रकारांची नावे आपण जाणत नाही. जपानातही जुन्या नेत्सुकेंवर पुष्कळदा सही नसते. परंतु १७८१ साली ओसाकाच्या इनाबा त्सूर्यू नावाच्या गृहस्थाने 'सोकेन किशो' नावाचा सात भागांचा ग्रंथ छापला. तो तलवारींचा व्यापारी. ग्रंथ मुख्यतः तलवारीच्या साजाविषयी. पण शेवटच्या भागात त्याने नेत्सुके करणाऱ्या पन्नासांहून अधिक कारागिरांची नावे आणि कामाचे विशेष नोंदविले. युनियनच्या माणसाला हजेरीपटाचे महत्त्व ठाऊक असते. ज्याचे नाव पटावर नाही, त्याचा हक्क कोठेच नाही. ह्या व्यापाऱ्याने एका धंद्याचा हजेरीपट लिहून ठेवला, म्हणून आज ओसाकाच्या योशिमुरा शूझानचे, क्योतोच्या मासानाओचे, आणि बैल कोरण्यात हातखंडा असलेल्या तोमोतादाचे नाव आपण घेऊ शकतो. तोमोतादाच्या बैलांना इतकी मागणी होती की त्यांच्या नकला निघत असल्याचेही हा ग्रंथ सांगतो. नाव झाले की नावाची चोरी आलीच!

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, कोणासाठी केली, ते आपण पाहिले : रोज वापरणाऱ्यासाठी. आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने तोच आजच्या व्याख्यानाचा गाभा. करणाऱ्याचे पुढे काय झाले?

१८६८ साली शोगुनशाही संपली, मेइजी सम्राटाचे राज्य आले. १८७१ साली पुरुषांना शेंडीची जुनी बांधणी सोडण्याची मोकळीक मिळाली, १८७६ साली तलवार बाळगण्यास बंदी झाली. दरबारात आणि कचेरीत पाश्चात्त्य पोशाख आला, आणि त्या पोशाखाला खिसे होते. चिलमीची जागा सिगारेटने घेतली. सिगारेटची डबी खिशात मावते. नेत्सुकेविरुद्ध कोणी कायदा केला नाही, कोणी कारखाना काढला नाही. शिंप्याने कोटाला खिसा शिवला आणि शेकडो कारागिरांच्या हातातले काम गेले. तलवारीचा साज करणाऱ्या धातुकारांवरही तीच पाळी आली.

आता पाहा, मंडळी, गंमत कशी होते. घरचे गिऱ्हाईक गेले, त्याच सुमारास परदेशी गिऱ्हाईक आले. १८७३ च्या व्हिएन्ना येथील जागतिक प्रदर्शनात जपान सरकारने मोठा भाग घेतला. युरोपातील धनिकांना जपानी वस्तूंचे वेड लागले. पॅरिसच्या शार्ल एफ्रुसी नावाच्या धनिकाने २६४ नेत्सुके जमविल्या. कारागीर पुन्हा कामाला लागले. पण आता ज्याच्या कमरेला पट्टाच नाही अशा माणसासाठी. काही वस्तू मोठ्या झाल्या, नाजूक झाल्या, टेबलावर ठेवायच्या झाल्या. पट्ट्याला अडकविण्याची शिस्त सुटली, तशी कामातली एक ताकदही सुटली, असे अनेक जाणकार मानतात. मी मात्र त्या कारागिराला दोष देणार नाही. चूल पेटली पाहिजे, हा नियम सर्व कलाशास्त्रांच्या आधीचा आहे.

त्या २६४ गुंड्यांची पुढली कथा त्याच घराण्यातील एडमंड डी वाल यांनी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात सांगितली आहे. हा संग्रह लग्नाच्या आहेरात व्हिएन्नाला गेला. १९३८ साली नाझींनी त्या ज्यू कुटुंबाचा वाडा लुटला. चित्रे, फर्निचर, पुस्तके सगळे नेले. घरात ॲना नावाची मोलकरीण होती. लुटारूंच्या डोळ्यांदेखत ती थोड्या थोड्या गुंड्या आपल्या एप्रनच्या खिशातून नेई आणि आपल्या गवताच्या गादीत लपवी. युद्ध संपल्यावर तिने त्या साऱ्या परत केल्या. आणि या ॲनाचे आडनाव काय, हे लेखकाला सापडले नाही! ज्या खिशाने गुंडीचा धंदा बुडविला, त्याच खिशाने, एका मोलकरणीच्या खिशाने, गुंड्या वाचविल्या. आणि हजेरीपटावर तिचे पुरते नावसुद्धा नाही.

या कथेचा एक धागा आपल्या मुंबईलाही येऊन मिळतो. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने जपानी कंपनीची आगबोट मुंबई-कोबे मार्गावर धावू लागली. मुंबईचा कापूस जपानी गिरण्यांना जाऊ लागला. जमशेटजींचे धाकटे पुत्र सर रतन टाटा यांनी चिनी आणि जपानी कलावस्तूंचा मोठा संग्रह केला. १९१८ साली ते वारले. त्यांचा आणि पुढे त्यांचे बंधू सर दोराबजी यांचा संग्रह ज्या वस्तुसंग्रहालयाला मिळाला, ते १९२२ साली लोकांसाठी उघडले. आज त्याचे नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. वाशीहून लोकलने तासा-दीड तासाची वाट आहे. जरूर जाऊन पाहा.

पण सर रतन टाटांची दुसरी एक देणगी त्या दालनात दिसत नाही, ती मी सांगतो. लंडनच्या अर्थशास्त्र संस्थेत दारिद्र्याच्या अभ्यासासाठी त्यांनी १९१२ च्या सुमारास पैसा दिला. त्या पैशातून आर. एच. टॉनी या विद्वानाने १९१४ साली साखळ्या करणाऱ्या कामगारांच्या किमान वेतनावर पुस्तक लिहिले. इंग्लंडातल्या क्रॅडली हीथ गावच्या बायका घरामागच्या भट्टीत लोखंडी साखळ्यांचे दुवे घडवीत. १९१० साली त्यांनी दहा आठवडे लढा देऊन तासाला अडीच पेन्स हा किमान दर मालकांकडून मान्य करून घेतला. एकाच हाताने जपानी कारागिराची वस्तू विकत घेतली आणि इंग्रज कामगारणीच्या मजुरीच्या अभ्यासाला पैसे दिले. पहिली देणगी आपण काचेच्या कपाटात पाहतो. दुसरी विसरतो. माझे म्हणणे एवढेच की दोन्ही एकत्र ठेवून पाहिल्या पाहिजेत.

गरज संपली की कसबाचे काय करायचे, या प्रश्नाला जपानने एक उत्तर शोधले. तोक्योच्या सरकारी कलाशाळेत, जी १८८९ साली सुरू झाली, तेथे इशिकावा कोमेईसारख्या हस्तिदंताच्या कारागिराला अध्यापक नेमले. आजही तेथे नेत्सुके कोरणारे आहेत. राजपुत्र ताकामादो यांनी चालू काळातल्या कारागिरांची कामे जमविली, आणि तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यांच्यासाठी स्वतंत्र दालन आहे. आपल्याकडेही उदाहरण आहे. सावंतवाडीचे चितारी गंजिफा रंगवीत. दशावतारी गंजिफेची १२० गोल पाने हाताने रंगवायची आणि लाखेचा हात द्यायचा. छापील पत्ते आले आणि गंजिफा बसली. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कार्यशाळा काढली, उरलेल्या जुन्या चिताऱ्यांकडून स्वतः विद्या शिकून घेतली, नव्या मुलांना बसविले, म्हणून ती विद्या टिकली.

दुसरे एक उदाहरण मात्र मनाला टोचणारे आहे. हस्तिदंताचा व्यापार आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्यांनी बंद झाला. हत्ती जगावा म्हणून हे करणे अवश्य होते, आणि मी त्या बंदीच्या पूर्ण बाजूचा आहे. व्यापारी न्यायालयात गेले. २००३ साली सर्वोच्च न्यायालयानेही बंदी उचलून धरली. तेही योग्यच झाले. पण वाद चालला तो पडून राहिलेल्या मालाचा आणि धंद्याच्या हक्काचा. ज्याने पिढ्यान् पिढ्या दंतावर छिन्नी चालविली, त्याच्या हाताला दुसरे काम देण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या वादाच्या केंद्रस्थानी कधी आला नाही. न्याय्य बंदीचीसुद्धा किंमत असते. ती सर्व समाजाने भरावी, एकट्या कारागिराने नव्हे.

आणि आपल्या दारातले काय? हे शहर १९७० साली कागदावर आखले गेले, त्याआधी येथे खाडी होती, मिठागरे होती, कोळीवाडे आणि आगऱ्यांची गावे होती. कोणत्या वाऱ्याला मीठ लवकर धरते, कोणत्या भरतीला कोणते जाळे टाकावे, हे जाणणारी माणसे होती. पुढे कारखाने आले, आणि त्यांतलेही पुष्कळ आपल्या डोळ्यांसमोर बंद पडले. एका बंद पडलेल्या कारखान्यातला फिटर मला ठाऊक आहे. धातूवर बोट फिरवून तो माप सांगे आणि मायक्रोमीटर त्याला दुजोरा देई. आज तो एका सोसायटीच्या फाटकावर गाड्यांचे नंबर लिहितो. फाटकाचे काम हलके आहे असे मी म्हणत नाही. पण त्या बोटांना जे येत होते, ते शिकून घ्यायला एकही पोरगा त्याच्याजवळ बसविला गेला नाही. भरपाईच्या हिशेबात सेवेची वर्षे धरली गेली, कसब धरले गेले नाही. आम्हा युनियनवाल्यांच्या मागणीपत्रकांतही यापुढे हे कलम असले पाहिजे : काम जाईल तेथे शिकविण्याची सोय आणि शिकविणाऱ्याला मोबदला.

शेवटी एक सूचना करून मी रजा घेतो. आपल्या व्याख्यानमालेच्या चालकांनी आणि या नगरातील वाचनालयांनी मिळून एक साधे कपाट करावे. त्यात हस्तिदंत नको, रेशीम नको. कोणाच्या घरी आजोबांची चंची असेल, अडकित्ता असेल, जाळे विणायची लाकडी सुई असेल, मिठागरातले अवजार असेल, बंद कारखान्यातल्या कामगाराने स्वतःसाठी घडविलेले एखादे हत्यार असेल, ते त्यात ठेवावे. आणि प्रत्येक वस्तूखाली दोन ओळी लिहाव्यात : ही कोणी केली, आणि कोणी वापरली. पुरे नाव, आडनावासकट. ओसाकाच्या एका तलवार-व्यापाऱ्याला १७८१ साली जे सुचले, ते आपल्याला आज जमायला हरकत नाही.